पराणी की कासरा? : बार्बिट्युरेट औषधांच्या शोधाची हकीकत

फेफऱ्याचा आजार ज्या घरात शिरलेला असतो, त्या घराला गार्डिनलची बारीक पांढरी गोळी अपरिचित नसते. ती बहुधा रात्री निजताना घ्यावयाची आणि वर्षानुवर्षे घ्यावयाची. गोळी घेणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी कामावर जातो, हिशेब लिहितो, मुलांवर रागावतो. फक्त त्याला झटका येत नाही. याच कुळातले दुसरे एक औषध शस्त्रक्रियेच्या टेबलावर शिरेतून टोचले, म्हणजे रोगी मिनिटभरातच बेशुद्ध होतो. आणि याच कुळातल्या औषधाचे प्रमाण फाजील झाले, म्हणजे श्वास मंदावत मंदावत थांबतो. झटका आवरणे, शुद्ध हरपविणे आणि श्वास बंद पाडणे ही तीन कामे एकाच रासायनिक कुळाने करावीत, हे नवलच होय. ही औषधे मेंदूत शिरून नेमके करतात तरी काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली. त्या शोधाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे बार्बिट्युरिक अम्ल. अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते 1864 च्या सुमारास तयार केले. 'बार्बिट्युरिक' या नावातला उत्तरार्ध युरिया या द्रव्यावरून आला, हे उघड आहे. पूर्वार्धाविषयी मात्र गोष्टीच गोष्टी आहेत. कोणी म्हणतात, बायर त्या दिवशी संत बार्बराच्या सणाच्या निमित्ताने जमलेल्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यांच्या मेजवानीत सापडला. कोणी म्हणतात, बार्बरा नावाची कोणी मैत्रीण होती. यातले खरे कोणते याचा निवाडा करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, या अम्लाने झोप मुळीच येत नाही. ते चाळीस वर्षे रसायनशाळेतील बाटलीत निरुपद्रवी पडून होते.

1903 साली एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग या दोघांनी त्या अम्लाच्या रेणूतील एका ठरावीक कार्बन अणूला दोन बाजूंनी दोन इथिल गट जोडले. तयार झालेले द्रव्य कुत्र्याला दिले, तेव्हा कुत्रा गाढ झोपी गेला. हेच व्हेरोनल. इटलीतील व्हेरोना शहरासारखी निवांत जागा मेरिंगने दुसरी पाहिली नव्हती, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. त्यापूर्वी झोपेसाठी ब्रोमाइडाची क्षारे आणि क्लोरल ही प्रमुख साधने होती. एकाची चव खारट आणि परिणाम रेंगाळणारा, दुसऱ्याचा वास असह्य. व्हेरोनलला ना वास, ना फारशी चव. ते हातोहात खपले. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच कार्बनावर निरनिराळे गट बसवून पाहण्याचा सपाटा लावला. पुढील काही दशकांत अडीच हजारांवर बार्बिट्युरेटे तयार झाली आणि त्यांतली पन्नासेक बाजारात आली. एका इथिल गटाच्या जागी फिनिल बसविला, तो 1912 साली निघालेला ल्युमिनल. त्यालाच फिनोबार्बिटल म्हणतात आणि तीच आपली गार्डिनलची गोळी.

फिनोबार्बिटल फेफऱ्यावर चालते हे कळले ते आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरमुळे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे तो रुग्णालयातच राहत असे. खालच्या दालनातील फेफऱ्याचे रोगी रात्री झटके येऊन पडत आणि त्या आवाजाने त्याची झोप मोडे. रोगी शांत झोपावेत एवढ्याच माफक हेतूने त्याने त्यांना नवे झोपेचे औषध दिले, असे सांगतात. रात्रीचे झटके कमी झाले. आणि जे अपेक्षित नव्हते तेही झाले, रोगी जागे असताना दिवसाचे झटकेही कमी झाले. 1912 साली हाउप्टमानने हे प्रसिद्ध केले. हा ज्यू गृहस्थ पुढे नाझींच्या राज्यात डाखाउच्या छळछावणीत डांबला गेला, तेथून सुटून अमेरिकेला गेला आणि 1948 साली बॉस्टनला वारला. त्याने शोधलेला उपाय आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि जेथे महागडी औषधे पोचत नाहीत अशा मुलखांत फेफऱ्याच्या रोग्यांचा तोच मुख्य आधार आहे.

हाउप्टमानच्या अनुभवात एक कोडे दडलेले होते, ते त्या वेळी कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. झटका थांबतो तो गुंगीमुळे, असे म्हणावे तर जागा असलेला रोगीही झटक्यावाचून कसा राहतो? म्हणजे झोप आणणे व झटका आवरणे ही एकाच क्रियेची लहानमोठी मापे नसून, त्यांत काही जातीचाच भेद असला पाहिजे. हा भेद उलगडण्यास पुढे सहासष्ट वर्षे लागली.

मध्यंतरी या औषधांचा व्याप वाढतच गेला. 1934 साली अमेरिकेत राल्फ वॉटर्स आणि जॉन लंडी यांनी थोड्याच महिन्यांच्या अंतराने थायोपेंटल हे शिरेतून देण्याचे बार्बिट्युरेट वापरले, आणि क्लोरोफॉर्मची वाटी नाकावर धरून रोग्याशी झोंबण्याचे दिवस सरू लागले. दुसऱ्या बाजूला झोपेच्या गोळीची सवय घराघरांत शिरली. 1942 साली ब्राझीलमध्ये स्टेफान झ्वाइग या ऑस्ट्रियन लेखकाचा आणि त्याच्या पत्नीचा, तसेच 1962 साली मॅरिलिन मन्रो या नटीचा अंत याच कुळातील औषधांनी झाला. प्रसिद्ध नावे लोकांच्या लक्षात राहतात. रुग्णालयांच्या नोंदवह्यांतील अप्रसिद्ध नावांची गणती कितीतरी मोठी होती. उपाय करणाऱ्या डॉक्टरापुढे प्रश्न असा की, औषध देहात काय करते हेच ठाऊक नाही, तर त्याला उतारा कोणता द्यावा? तेव्हा ही केवळ पंडितांची जिज्ञासा नव्हती.

पहिले उत्तर आले ते चरबीचे. हान्स मायर आणि चार्ल्स ओव्हरटन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्रपणे दाखवून दिले की, जे द्रव्य तेलात जितके अधिक विरघळते तितकी त्याची भूल देण्याची शक्ती अधिक. त्यावरून निष्कर्ष निघाला की, ही द्रव्ये मेंदूतील पेशींच्या स्निग्ध वेष्टनात मुरतात आणि पेशी मंदावतात. नियम सुटसुटीत होता, म्हणून पाऊणशे वर्षे टिकला. दुसरे उत्तर 1930 नंतर ब्रिटनमध्ये क्वास्टेल याने दिले : ही द्रव्ये मेंदूचे प्राणवायू वापरण्याचे काम अडवितात, जणू शेगडीची हवा बंद करावी तशी. पण बार्बिट्युरेटांच्या कुळातच या दोन्ही उत्तरांना छेद देणारे सभासद निघाले. काही बार्बिट्युरेटे झोप आणण्याऐवजी उलट झटके आणतात. त्यांतल्या एका जातीचे तर दोन रेणू असे आहेत की, ते उजव्या व डाव्या हातासारखे एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब आहेत. तेलात दोन्ही सारखेच विरघळतात. पण एक गुंगी आणतो आणि दुसरा झटके. हातमोजा उजव्या हाताचा आहे की डाव्या, हे ओळखणारा हातच असावा लागतो. तेलाला ते कळत नाही. सबब मेंदूत या औषधांना ओळखणारा, ठरावीक घडणीचा असा काही भाग असलाच पाहिजे.

तो भाग कोठे शोधावा याची दिशा 1952 साली लॅराबी व पॉस्टरनाक या दोघांच्या प्रयोगांनी दाखविली. मज्जापेशीला एक लांब तंतू असतो, त्यातून विजेचा संदेश धावतो. तंतूच्या टोकाशी दुसरी पेशी असते आणि दोहींच्या मध्ये अतिसूक्ष्म फट असते. या जोडाला आपण येथे सांधा म्हणू. त्यांनी पाहिले की, भूल देणारी द्रव्ये, विशेषतः बार्बिट्युरेटे, थोड्या प्रमाणात दिली तर तंतूतील संदेश बिनबोभाट धावत राहतो. अडतो तो सांध्यापाशी. तारेत बिघाड नाही, तार घेणाऱ्या आणि देणाऱ्या कचेऱ्यांच्या मध्येच काही अडते आहे. लंडनमध्ये रिचर्ड्स याने 1972 साली गिनिपिगच्या मेंदूचा, गंधाशी संबंध असलेल्या भागाचा, पातळ काप जिवंत ठेवून हीच गोष्ट अधिक स्वच्छ दाखविली. तंतूतील लाट जशीच्या तशी, मात्र पुढच्या पेशीत उठणारी उद्दीपनाची लहर बार्बिट्युरेटाने खुजी झालेली.

आता या सांध्यात काय चालते ते समजून घेतले पाहिजे. मेंदूतील पेशी बहुतेक सांध्यांवर विजेने नव्हे, तर द्रव्याच्या थेंबाने निरोप पाठविते. हे द्रव्य फट ओलांडून पुढच्या पेशीवर बसविलेल्या प्रथिनांच्या दारांवर जाऊन चिकटते. या दारांना ग्राही म्हणतात. दार उघडले म्हणजे क्षारांचे भारित कण आत शिरतात. सोडियमचे कण शिरले तर पेशी चेतते. क्लोराइडचे शिरले तर ती थंडावते. शेतावर बैल हाकताना गडी एका हातात पराणी आणि दुसऱ्या हातात कासरा धरतो. पराणी टोचली की बैल उठतो, कासरा ओढला की थबकतो. मेंदूतही अगदी असेच दुहेरी साधन आहे. पराणीचे काम मुख्यतः ग्लुटामेट नावाचे द्रव्य करते, कासऱ्याचे काम गाबा नावाचे.

यातले ग्लुटामेट आपल्या स्वयंपाकघरातलेच. गव्हाच्या चिकट प्रथिनातून ते 1866 साली जर्मनीत वेगळे केले गेले. 1908 साली जपानच्या इकेदा याने समुद्रशैवालाच्या सारातील रुची त्याच्यामुळे येते असे दाखविले, आणि त्याचाच क्षार आज अजिनोमोटो म्हणून चिनी पदार्थांत पडतो. गाबा हे 1950 साली मेंदूत असल्याचे कळले. मौज अशी की, मेंदू गाबा बनवितो तो ग्लुटामेटपासूनच, त्यातील कार्बन डायऑक्साइडाचा एक तुकडा काढून टाकून. पराणीचे टोक मोडून त्याचाच कासरा वळावा, असा हा प्रकार आहे. या कामाला बी-6 जीवनसत्त्व लागते. 1950 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत एका डब्यातील बालदुधात हे जीवनसत्त्व कमी पडले, तेव्हा ते पिणाऱ्या तान्ह्या मुलांना झटके येऊ लागले. जीवनसत्त्व मिळताच ते थांबले. कासरा ढिला झाला म्हणजे काय होते, याचे याहून उघड उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

ग्लुटामेट हे निरोपाचे द्रव्य आहे हे जगाला पटविण्यास मात्र फार वेळ लागला. जपानमधील केओ विद्यापीठाचे ताकाशी हायाशी यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर ग्लुटामेट सोडले, तेव्हा कुत्र्याला झटके आले; हे त्यांनी 1954 साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. (हे हायाशी 'किगी ताकातारो' या टोपणनावाने रहस्यकथा लिहीत आणि त्यांना 1937 साली त्यांच्या देशातील नाओकी पारितोषिकही मिळाले होते. शास्त्रज्ञाने ललित लिहू नये असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) त्यानंतर ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे कर्टिस, फिलिस आणि वॉटकिन्स यांनी अतिसूक्ष्म काचनळीतून मांजराच्या कण्यातील एकेका पेशीवर ग्लुटामेटचा कण कण सोडून पाहिला. पेशी ताबडतोब चेतली. परंतु जी पेशी पाहावी ती चेतते, यालाच ते बिचकले. निरोप म्हटला की तो ठरावीक पत्त्यावर जावा. जो सर्वांच्याच दारात पडतो त्याला निरोप कसे म्हणावे? शिवाय जे द्रव्य शरीरात खाण्यापिण्याच्या घडामोडीत जिकडेतिकडे पसरलेले, ते इतक्या नाजूक कामी येईल हे मनाला पटेना. म्हणून 1960 च्या सुमारास त्यांनी आपल्याच शोधाला निरोपाचा दर्जा नाकारला. ग्लुटामेट सर्वत्र चेतविते याचे कारण मेंदूत सर्वत्र तीच पराणी वापरली जाते, हे सरळ उत्तर मान्य होण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या काळच्या अशा प्रयोगांत मांजराला जी भूल दिलेली असे, ती पुष्कळदा पेंटोबार्बिटल या बार्बिट्युरेटाचीच असे. म्हणजे सांध्यांचे काम कसे चालते हे शास्त्रज्ञ पाहत होते, ते याच औषधाने मंदावलेल्या सांध्यांत. कॅनबेऱ्यातच एकल्स, श्मिट आणि विलिस यांनी 1963 साली हे औषध कण्यातील एका प्रकारचा निरोध लांबविते असे दाखविले, तेव्हा चष्म्याच्या काचेचाच रंग प्रथम लोकांच्या नजरेस आला.

वॉटकिन्स स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी ग्लुटामेटची नाना रूपे बनविली. त्यांतले एक एनएमडीए. दुसरी दोन उपयुक्त द्रव्ये आली ती पूर्वेकडच्या जंताच्या औषधांतून. जपानी लोक पोटातील कृमींवर एक तांबडे शैवाल देत; त्यातून 1953 साली केनिक अम्ल निघाले. आणि आपल्या कुंपणावर संध्याकाळी पांढरी फुलून सकाळपर्यंत तांबडी होणारी जी मधुमालती, जिला कोणी रंगूनची वेल म्हणतात, तिच्या बिया चीनमध्ये जंतांवर देतात. त्यांतून क्विस्क्वालिक अम्ल निघाले. ही तीन द्रव्ये पेशींवर टाकून पाहता 1980 च्या सुमारास असे ठरले की, ग्लुटामेटची दारे किमान तीन जातींची आहेत. ज्याला प्रथम क्विस्क्वालेटचे दार म्हणत, त्याला पुढे आम्पा ग्राही म्हणू लागले. मेंदूतील झटपट उद्दीपनाचा बहुतेक भार याच दारावर असतो. एनएमडीएचे दार उघडण्यास सावकाश, आणि ते शिकण्याच्या व स्मरणाच्या कामी विशेष येते. केटामीन हे भुलीचे दुसऱ्या कुळातले औषध हे एनएमडीएचेच दार बुजविते, असे 1983 साली दिसून आले.

एवढी सामग्री जमल्यावर बार्बिट्युरेटांचा प्रश्न नेमका विचारता आला : हे औषध कासरा ओढते, की पराणी बोथट करते? 1975 साली निकोल, एकल्स आणि त्यांचे सहकारी यांनी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात बार्बिट्युरेटाने निरोधाची लहर लांबते असे दाखविले. त्याच वर्षी अमेरिकेत रॅन्सम व बार्कर यांनी उंदराच्या कण्यातील पेशी काचपात्रात वाढवून त्यांवर पेंटोबार्बिटल सोडले. गाबाचा परिणाम वाढला आणि ग्लुटामेटचा घटला. पाठोपाठ 1976 साली रिचर्ड्स व स्मेज यांनीही भुलीच्या द्रव्यांनी मेंदूच्या पेशींची ग्लुटामेटविषयीची संवेदना मंदावते असे नोंदविले. प्रश्न 'की' घालून विचारला होता, उत्तर 'आणि' घालून आले.

हाउप्टमानचे जुने कोडेही याच काचपात्रात बरेचसे उलगडले. 1978 साली मॅकडोनल्ड व बार्कर यांनी फेफऱ्यावरचे फिनोबार्बिटल आणि भुलीचे पेंटोबार्बिटल शेजारी शेजारी ठेवून तपासले. दोन्ही गाबाला बळ देतात, दोन्ही ग्लुटामेटला आवरतात. पण पेंटोबार्बिटल याहून एक पाऊल पुढे जाते. गाबा मुळीच नसतानाही ते क्लोराइडचे दार आपल्या हाताने उघडते, आणि मग पेशींची सारी स्वाभाविक हालचालच थंडावते. फिनोबार्बिटल नेहमीच्या प्रमाणात तसे करीत नाही. ते वेडीवाकडी उसळी तेवढी शमविते आणि पेशींचा नित्याचा व्यवहार चालू देते. हिशेब लिहिणारा रोगी हिशेब लिहीत राहतो, तो यामुळे.

दारे नुसती अधिक उघडतात की अधिक वेळ उघडी राहतात, हेही लवकरच मोजता आले. स्टडी व बार्कर यांनी 1981 साली विजेच्या प्रवाहातील सूक्ष्म थरथरीवरून गणित मांडले आणि पुढे एकेका दाराचा प्रवाह प्रत्यक्ष पाहण्याच्या नेहर व साकमान यांच्या पद्धतीने 1989 साली त्याला दुजोरा मिळाला. डायझेपामच्या कुळातील औषधांनी दार अधिक वेळा उघडते. बार्बिट्युरेटाने ते एकदा उघडले म्हणजे अधिक वेळ उघडे राहते. हा फरक वरवर क्षुल्लक, पण त्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत. डायझेपामला काम करण्यास गाबा लागतोच. मेंदू जेवढा गाबा सोडील तेवढ्याच्या बळावर ते चालते, म्हणून ते एकटे घेतले असता त्याच्या परिणामाला एक आपोआप मर्यादा पडते. बार्बिट्युरेटाला अशी मर्यादा नाही. 1960 नंतर डायझेपामच्या कुळाने झोपेच्या गोळीचा बाजार बार्बिट्युरेटांकडून घेतला, तो या ज्ञानाच्या आधी, केवळ अनुभवावरून. कारण नंतर कळले.

उताऱ्याची कथा याला जोडूनच सांगितली पाहिजे. कोकणात व मलबारकडे सह्याद्रीच्या रानांत काकमारीचा वेल असतो. त्याची फळे वाटून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर तरंगतात. त्या फळांतून निघणारे पिक्रोटॉक्सिन हे जहाल झटके आणणारे द्रव्य आहे. बार्बिट्युरेट झोपविते, पिक्रोटॉक्सिन उठविते. मग एकाचा उतारा दुसरे, या हिशेबाने बार्बिट्युरेटाची विषबाधा झालेल्यांना ते टोचू लागले. काही रोगी जागे झाले. काही झटके येऊन अधिकच खालावले. 1940 नंतर कोपनहेगनमध्ये क्लेमेसेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा उतारा सोडून दिला. रोग्याची श्वासाची वाट मोकळी ठेवावयाची, रक्तदाब सांभाळावयाचा, कूस बदलीत राहावयाचे, आणि औषध देहातून आपोआप निघून जाण्याची वाट पाहावयाची. यात शोध म्हणावा असे काही नाही. उत्तम शुश्रूषा तेवढी आहे. मृत्यूचे प्रमाण शेकडा वीसच्या आसपास होते, ते एक-दोनांवर आले. पिक्रोटॉक्सिन गाबाचेच क्लोराइडचे दार बुजविते, हे पुढे समजले. म्हणजे उताऱ्याचा नेम अगदीच चुकला होता असे नाही. पण आमच्या मते त्यात दोन अडचणी होत्या. कासरा सर्वत्र एकदम सोडला, की बैल चालू लागत नाही, तो उधळतो. शिवाय बोथट झालेल्या पराणीला धार लावण्याचे काम पिक्रोटॉक्सिन करीतच नाही.

त्या बोथट पराणीकडे आता वळू; कारण तिची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे. इस्राएलमधील वाइझमान संस्थेत टायशबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1984 साली मेंदूच्या कापांतून सोडियमची ये-जा मोजून दाखविले की, बार्बिट्युरेटे केनेट व क्विस्क्वालेट यांची दारे विशेषेकरून अडवितात, एनएमडीएच्या वाटेस फारशी जात नाहीत. 1993 साली अमेरिकेत मार्शालेक व नाराहाशी यांनी एक बारकावा शोधला. दार जितके अधिक वापरात असेल तितके ते पेंटोबार्बिटलने अधिक अडते. अर्थ असा की, औषध दाराबाहेर उभे राहून चावी हिसकावून घेत नाही. ग्लुटामेटने दार उघडल्यावर ते मधल्या वाटेत आडवे येते. मेंदूचा जो भाग अतोनात चेतला आहे, तेथे त्याचा अडथळा अधिक. झटक्याच्या वेळी असे औषध उपयोगी पडावे, यात मग आश्चर्य राहत नाही.

आम्पा ग्राही चार तुकड्यांचा बनतो, आणि त्यांतला 'दोन नंबरचा' तुकडा विशेष आहे. दाराच्या अगदी अरुंद जागी, जनुकात लिहिलेल्या ग्लुटामिनऐवजी, पेशी आरएनएत एक अक्षर सुधारून आर्जिनीन बसविते. हा नवलाचा प्रकार 1991 साली हायडेलबर्गच्या सीबुर्गच्या प्रयोगशाळेत उघडकीस आला. 1995 साली यामाकुरा आणि इतर जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले की, हे एक आर्जिनीन काढून तेथे पुन्हा ग्लुटामिन बसविले, तर पेंटोबार्बिटलचा आम्पा ग्राहीवरील अंमल बराच उतरतो. शेकडो अमिनो अम्लांच्या साखळीत एका मण्याने एवढा फरक पडावा! झाले, औषधाची जागा सापडली, भुलीचे कारण सापडले, असे कोणासही वाटले असते.

टोरांटोच्या बेव्हर्ली ऑर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीची परीक्षा घेतली, ती आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर वाटते. त्यांनी 'दोन नंबरचा' तुकडा मुळातच नसलेले उंदीर घेतले. या उंदरांच्या पेशींत पेंटोबार्बिटल आम्पा ग्राहीला कमी अडविते, हे मोजून पाहिले. ते अपेक्षेप्रमाणेच निघाले. मग पराणी बोथट होण्यानेच भूल येत असेल, तर या उंदरांना बेशुद्ध करण्यास अधिक औषध लागावयास हवे होते. प्रत्यक्षात कमी लागले! 1999 साली प्रसिद्ध झालेल्या या निकालाने पराणीचा पक्ष साफ खोटा पडला असे नव्हे. दुसऱ्या जातींची उद्दीपक दारे त्या उंदरांत होतीच, आणि जन्मापासून एक तुकडा नसलेला मेंदू इतर बाबतींतही वेगळा घडत असणार. परंतु काचपात्रात औषध एखाद्या दाराला अडविते म्हणून सबंध प्राण्याची शुद्ध त्याच दाराने जाते, असा उडीबाज तर्क करता येत नाही, हे मात्र कायमचे ठरले.

कासऱ्याच्या बाजूने पुरावा आला तो 2007 साली. त्सेलर, रुडॉल्फ आणि सहकारी यांनी गाबाच्या दारातील एकच अमिनो अम्ल बदललेले उंदीर पेंटोबार्बिटलने भुलविले. उंदीर दिसण्यावागण्यात इतरांसारखे. पण चिमटा घेतल्यावर पाय न हलविण्याइतकी भूल त्यांना सहजी चढेना, आणि श्वासही इतरांपेक्षा कमी मंदावला. भुलीचा आणि श्वासरोधाचाही मोठा वाटा गाबाच्या दारातूनच येतो, असा याचा अर्थ. 2020 साली तर गोठविलेल्या प्रथिनांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रे घेऊन, गाबाच्या दाराच्या भिंतीत फिनोबार्बिटलचा रेणू नेमका कोठे बसतो हेही पाहता आले. बायरच्या अम्लाला नव्हते आणि फिशरने जोडले, ते दोन गट तेथील स्निग्ध खोबणीत रुतून बसतात. मायर आणि ओव्हरटन यांचे तेल अखेर सापडले म्हणावयाचे, पण ते पेशीच्या वेष्टनभर पसरलेले नसून प्रथिनाच्या एका कोपऱ्यातले निघाले.

मग उद्दीपक दारे अडविण्याला काय किंमत उरली? भुलीपुरते बोलावयाचे तर ती साहाय्यकाची भूमिका दिसते. कासरा ओढलेला असताना पराणीही न टोचली, तर बैल लवकर थांबतो एवढेच. फेफऱ्याविषयी मात्र आम्ही इतके बेताने बोलणार नाही. 2012 साली युरोपात व अमेरिकेत पेरॅम्पॅनेल नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. ते गाबाच्या वाटेस जात नाही; फक्त आम्पा ग्राहीला अडविते. तेवढ्याने फेफऱ्याचे झटके कमी होतात, आणि घेणाऱ्यास घेरी, सुस्ती व कधी कधी चिडखोरपणाही येतो. गार्डिनलच्या गोळीत दोन्ही कामे मिसळलेली आहेत. त्यांतले प्रत्येकाचे माप किती, आणि ते प्रत्येक रोग्यात सारखेच असते काय, हा हिशेब अद्याप पुरा व्हावयाचा आहे.